लॅपटॉप झोपेतून उठतो, मग वायफाय का उठत नाही?

श्रावणातली दुपार. दापोलीच्या खाली, समुद्राकडच्या आमच्या वाडीत सकाळपासून पावसाची झड लागलेली आणि वीज दोनदा जाऊन आलेली. शेजारच्या वहिनी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात. पावणेतीनला त्यांची हाक आली, "भाऊजी, जरा येता का? तीनला मीटिंग आहे आणि नेट गेलंय."

जाऊन पाहिलं तर राउटरचे सगळे दिवे हिरवे. त्यांचा मुलगा त्याच वायफायवर मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलेला. जेवणासाठी म्हणून वहिनींनी दीड वाजता लॅपटॉपचं झाकण लावलं होतं. दोन चाळीसला वीज आली, त्यांनी लगेच झाकण उघडलं, तर कोपऱ्यातली वायफायची खूण गायब आणि तिच्या जागी पृथ्वीचा गोळा.

"मोबाईलला सगळं येतंय, मग ह्याचंच काय बिनसलं?"

हा प्रश्न मला आता आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो. २०२० पासून गावातल्या घरात बसून शहरातलं काम करणारे वाढले. गणपतीला आलेला चाकरमानीही आता लॅपटॉप घेऊन येतो आणि चार दिवस जास्त राहतो. अशा वेळी नेट अडलं की संशय जातो तो केबलवाल्यावर, नाहीतर जुन्या झालेल्या राउटरवर, नाहीतर 'व्हायरस शिरला' म्हणून लॅपटॉपवर. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. लॅपटॉप झोपून उठलेला असतो, आणि तेवढ्या वेळात त्याचं आणि राउटरचं बोलणं तुटलेलं असतं. ते कुठे तुटलं हे ओळखता आलं, तर दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

झाकण लावल्यावर आत काय होतं

जुन्या घरात रात्री निजानीज झाली की सगळे दिवे मालवतात, देवघरातली समई मात्र तेवत ठेवतात. लॅपटॉपची झोप, म्हणजे स्लीप, अगदी तशी. पडदा, पंखा, प्रोसेसर, वायफायचं कार्ड, सगळ्यांची वीज तोडली जाते. फक्त रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणारी जागा, तिला थोडी वीज मिळत राहते. म्हणूनच झाकण उघडल्यावर अर्धवट लिहिलेली ईमेल जिथल्या तिथे सापडते. झोपेच्या या पायऱ्या १९९६ साली एका सामाईक मानकात ठरवल्या गेल्या आणि संगणक अजून त्याच चौकटीत चालतात.

वायफायच्या कार्डाची गंमत अशी की ते स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याच्यात चालणारा छोटा प्रोग्राम वीज तुटली की पुसला जातो. झाकण उघडल्यावर तो पुन्हा भरण्याचं काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. दुभाषी गडबडला तर विंडोजला वाटतं कार्ड तयार आहे, आणि कार्ड अजून डोळे चोळत असतं.

गेल्या काही वर्षांत झोपेचा आणखी एक प्रकार आला. २०१२ च्या विंडोज ८ पासून याची सुरुवात झाली, आज त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात लॅपटॉप गाढ झोपत नाही, मोबाईलसारखी डुलकी काढतो आणि अधूनमधून जागा होऊन मेल वगैरे बघतो. तुमचा लॅपटॉप यातला कुठला, यावर उपाय बदलतो. मित्राला लागू पडलेली युक्ती तुमच्याकडे चालत नाही, याचं कारण बहुधा इथेच असतं.

वायफाय जोडलं जातं म्हणजे काय होतं

समजा तुम्ही गुहागरला एका घरगुती निवासात उतरायला गेलात. आधी ते घर दिसायला हवं. मग फाटक उघडायला हवं. मग मालक वहीत तुमचं नाव लिहून 'सात नंबरची खोली, उद्या अकरापर्यंत' असं सांगणार. आणि शेवटी, खोलीतून बाहेर पडून बाजारात, किनाऱ्यावर जायचा रस्ता मोकळा हवा.

वायफायच्याही याच चार पायऱ्या. लॅपटॉपला राउटरचं नाव दिसतं. पासवर्ड जुळवून दोघं त्या बैठकीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. मग राउटर लॅपटॉपला एक पत्ता देतो. हा आयपी पत्ता म्हणजेच खोलीचा नंबर. आणि शेवटी राउटरच्या पलीकडे, फायबरच्या तारेतून खरं इंटरनेट.

खोली जशी कायमची मिळत नाही तसा पत्ताही मुदतीचा असतो, अनेक राउटरांवर चोवीस तासांचा. निम्मी मुदत संपली की जागा असलेला लॅपटॉप आपणहून मुदत वाढवून घेतो. झोपलेला लॅपटॉप कसा विचारणार? तो उठतो तेव्हा डोक्यात जुनाच नंबर असतो आणि तो सरळ सात नंबरकडे चालू लागतो.

आता मध्येच वीज गेली असं धरा. घरगुती राउटरची वही बऱ्याचदा पाटीसारखी असते, वीज गेली की कोरी. वीज आल्यावर पहिला उठला घरातला मोबाईल, त्याला सात नंबर दिला गेला. मग तुमचा लॅपटॉप 'माझी सात नंबरची खोली' म्हणत आला. राउटर त्याला ओळखतच नाही. बहुतेक वेळा दोघांचं दोन-चार सेकंदांत जमतं, नवी खोली मिळते आणि तुम्हाला कळतही नाही. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी पृथ्वीचा गोळा दिसतो.

वहिनींच्या लॅपटॉपवर मी सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय, आणि मग जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडल्या. खाली 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' अशी ओळ असते. तिथे आकडा होता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा कुठे दिसला तर नीट लक्षात ठेवा, कारण तो राउटरनं दिलेला नसतो. राउटरकडून काहीच उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच स्वतःला असा तात्पुरता पत्ता देते. मालक भेटला नाही म्हणून पाहुण्यानं ओसरीवरच पथारी टाकावी, तसं. त्यानंतर ती साधारण दर पाच मिनिटांनी राउटरला पुन्हा विचारत राहते, पण मीटिंगला तेवढा दम नसतो.

कारण आता सरळ दिसत होतं. वीज येताच वहिनींनी झाकण उघडलं. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो क्षणात उठला. राउटरला मात्र पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. वायफायचं नाव दिसायला लागलं होतं, पण खोल्या वाटणारा आतला मालक अजून जागेवर आलेला नव्हता. लॅपटॉपनं विचारलं, उत्तर नाही, पथारी पसरली. मी वायफायचं बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा आला. तीनला पाच मिनिटं होती.

आधी बघायचं, कुठे अडलंय

मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच, की लगेच राउटरची वायर उपटू नका. आधी पडद्याकडे नीट बघा.

वायफायचं बटणच नाहीसं झालंय किंवा यादीत एकही नाव दिसत नाही? कार्ड उठलेलं नाही. दोष लॅपटॉपात आहे, राउटरला हात लावून काही होणार नाही. नावं दिसतात, पण आपलं निवडल्यावर 'कनेक्ट होता येत नाही' असं येतं? किल्लीचं बिनसलंय. त्या नावावर जाऊन 'फरगेट' करा आणि पासवर्ड घालून नव्यानं जोडा. जोडलं गेलंय, पण पत्ता १६९.२५४ वाला? वहिनींचा प्रकार, वायफाय बंद करून चालू करा. आणि पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा, म्हणजे नीट आहे, तरी पानं उघडत नाहीत? मग अडचण राउटरच्या पुढे असू शकते. फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का बघा. असेल तर तार तुटली आहे किंवा पलीकडून प्रकाशच येत नाही. तिथे खरंच केबलवाल्याला फोन करायला हवा.

हिरवा दिवा आणि पत्ताही नीट, असं असेल आणि ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारी खासगी वाट, वापरत असाल, तर ते तोडून पुन्हा जोडा. झोपेत व्हीपीएनचा बोगदा कोसळतो आणि काही वेळा सगळी वाट त्याच बंद बोगद्यातून जात राहते. वायफायला त्याचा दोष लागतो.

"पण मोबाईलवर चालतंय ना?"

चालतंय, पण कशावरून? घरचं वायफाय गेलं की मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय ठणठणीत आहे. तपासायचं असेल तर मोबाईल डेटा बंद करा आणि मग एखादं पान उघडा. ही एक कृती केली की निम्मा घोळ मिटतो.

तरीही मोबाईल चालला आणि लॅपटॉप नाही, असं होतंच. मोबाईल रात्रंदिवस डुलक्यांवर जगण्यासाठीच बनवलेला असतो. त्याचं वायफाय पूर्ण झोपत नाही. लॅपटॉपात मात्र विंडोज एका कंपनीची, कार्ड दुसऱ्या कंपनीचं आणि बाकी सांगाडा तिसऱ्याच कंपनीचा. झोपेतून उठताना या तिघांची पावलं एकाच वेळी पडावी लागतात.

"मी तर बंद करून परत चालू केला, तरी तसंच!"

लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, त्यात ड्रायव्हरही आले, आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो. परत चालू केलं की तेच लिहिलेलं वाचून ती उठते. त्यामुळे लॅपटॉप लवकर सुरू होतो हे खरं, पण बिघडलेला दुभाषी बिघडलेल्याच अवस्थेत परत कामावर हजर होतो. तुम्ही दहा वेळा शट डाउन करा, तो दहाही वेळा तसाच येणार.

रीस्टार्टचं तसं नाही. रीस्टार्ट म्हटलं की गाभासुद्धा पुसून नव्यानं भरला जातो. म्हणून वायफाय अडलं की शट डाउन करू नका, रीस्टार्ट करा. शट डाउनच करायचं असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून करा, ते पुरतं बंद होतं.

हे वारंवार होत असेल तर फास्ट स्टार्टअप काढूनच टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे राखाडी दिसणाऱ्या सेटिंग्ज उघडायची निळी ओळ, आणि मग खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढायची. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त घेईल. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

कार्डच उठत नसेल तर

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अ‍ॅडाप्टर्सच्या खाली तुमचं वायफायचं कार्ड दिसेल. त्यावर उजवी क्लिक करून डिसेबल करा, पाच सेकंद थांबा, पुन्हा एनेबल करा. एवढ्यानं कार्ड उठलं, तर ते धडधाकट आहे. झोपेतून उठवण्याची रीत बिघडली आहे.

त्याच कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असतो. तिथली पहिली टिक सांगते की वीज वाचवायला संगणकानं हे कार्ड बंद केलं तरी चालेल. ती काढा. जुन्या पद्धतीच्या गाढ झोपेच्या लॅपटॉपांवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. नव्या, डुलकीवाल्या लॅपटॉपांवर हा टॅबच अनेकदा दिसत नाही. शोधत बसू नका, तिथे कार्डाची वीज विंडोज स्वतःच्या पद्धतीनं सांभाळते.

"टिक काढली तर बॅटरी लवकर उतरेल ना?" उतरेल, पण थोडी. वायफायच्या कार्डापेक्षा लॅपटॉपचा पडदा कितीतरी जास्त वीज खातो. उजेड जरा कमी ठेवलात तर भरून निघेल.

मग राहिला ड्रायव्हर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि पुष्कळांनी जुन्याच लॅपटॉपवर विंडोज ११ चढवली. अशा वेळी विंडोज आपणहून एक कामचलाऊ ड्रायव्हर घालते. वायफाय चालतं, पण झोपेची बारीक जुळवणी त्यात नसू शकते. लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्या संकेतस्थळावर मॉडेलचा नंबर घालून वायफायचा ड्रायव्हर उतरवा. तिथेच बायॉसची, म्हणजे विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती असेल तर तीही. मात्र बायॉस बदलताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी भरलेली हवी. पावसाळ्यात आमच्याकडे तर हे काम मी वीज स्थिर असेल अशाच दिवशी करतो. उलट, अपडेट झाल्यावरच हा त्रास सुरू झाला असेल तर ड्रायव्हरच्या टॅबमध्ये 'रोल बॅक'चं बटण आहे, ते जुना ड्रायव्हर परत आणतं. 'ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. त्यांनी केलेला गोंधळ निस्तरायला मला जास्त वेळ लागतो.

सगळं हरलं तर विंडोजमध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे. त्यानं साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी पुसली जाते, तेव्हा आधी वहीत लिहून घ्या.

मॅकवर झोपेनंतर पत्ता अडला, तर वायफायच्या डिटेल्समध्ये टीसीपी/आयपीच्या खाली पत्त्याची मुदत नव्यानं मागायचं बटण आहे. लिनक्सवाल्यांनी नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू करून बघावा आणि वायफायची वीजबचत बंद करावी.

जांभ्याची भिंत

आपल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, जाड. राउटर ठेवलेला माजघरातल्या कोनाड्यात, कारण तिथे प्लग आहे. सकाळी माजघरात बसून लॅपटॉप मिटला, दुपारी पडवीत जाऊन उघडला. मधल्या वेळात लॅपटॉप झोपलेला. आपण हललो हे त्याला ठाऊकच नाही.

बहुतेक राउटर दोन लहरींवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी. दोन पॉइंट चारची हळू, पण भिंत ओलांडून जाणारी. लॅपटॉप उठल्यावर सकाळची पाचवाली शोधतो, ती पडवीत जेमतेम पोचते आणि जोडणी लागते-तुटते. शहरातल्या इमारतीत २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते म्हणून पाचच वापरा असं सांगतात. आपल्याकडे घरं आगरात लांब लांब, गर्दी नाही. पडवीत बसणार असाल तर राउटरमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं द्या आणि पडवीसाठी २.४ निवडा. राउटर कोनाड्यातून काढून दाराच्या सरळ रेषेत, उंचावर ठेवलात तर त्याहून बरं.

"मग झाकण लावायचंच नाही का?"

खुशाल लावा. दिवसातून चार वेळा पाच-दहा मिनिटं उठायचं असेल तर स्लीपच योग्य. रात्रभर ठेवायचा असेल, किंवा एसटीनं दापोलीहून पुण्याला न्यायचा असेल, तर हायबरनेट बरं. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून समईसुद्धा मालवली जाते, बॅटरी उतरत नाही, आणि उठताना वायफायच्या कार्डाला पहिल्यापासून सुरुवात मिळते. हा पर्याय मेनूत दिसत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जिथे फास्ट स्टार्टअपची टिक आहे, तिथेच त्याचीही आहे.

वहिनींकडे मात्र मूळ दुखणं विजेचं होतं. त्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, पण तो दिव्या-पंख्यांना. राउटरचा प्लग त्याच्यावर नव्हता. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोघांनाही आधार हवा, एकाला देऊन भागत नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेली की राउटर चालू ठेवणारी बॅटरी, घ्यावा. फक्त राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत, ९ की १२, ते वाचून तसाच घ्यावा. आणि अ‍ॅडाप्टरच्या पिना खाऱ्या हवेनं हिरवट पडल्या आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

त्या संध्याकाळी आम्ही राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर नेला. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वहिनींच्या लॅपटॉपला एक पत्ता कायमचा राखून ठेवला. याला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, आणि वीज गेली तरी ही नोंद पुसली जात नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमधला 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो वेगळ्याच नावानं येऊ शकतो आणि राखलेली खोली त्याला मिळत नाही.

गेल्या बुधवारी पुन्हा झड लागली आणि वीज गेली. राउटरचे हिरवे दिवे तसेच होते. वहिनींनी मिटलेला लॅपटॉप उघडला आणि मीटिंगमध्ये जाऊन बसल्या.